दहा लड्या आणि दोनशे वार

आमच्या गल्लीतले म्याकलअण्णा अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, लडीत सांगतात. मंडई तीन लड्या, दवाखाना अर्धी लडी, आमचं झोन कार्यालय पावणेदोन लड्या. रिक्षात बसायच्या आधी ते रिक्षावाल्याला विचारतात, "दीड लडी हाय, येतो का?" रिक्षावाला जुना असेल तर हसून "बसा की अण्णा" म्हणतो. नवा असेल तर हा माणूस काहीतरी विकतोय असं समजून निघून जातो.

लडी म्हणजे सुताची लडी. अण्णांनी चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात ताणा लावायचं काम केलं. मागावर जे उभे धागे चढतात ते मोजून, ओढून, सारखे करून द्यायचे. एका लडीत आठशे चाळीस वार सूत असतं, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या जरा वर. अण्णांना वय विचारलं तर "सदुसष्ट असंल, अडुसष्ट असंल" म्हणतात. लडीला मात्र त्यांच्याकडे 'असंल' नाही.

आणि नुसतं तोंडानं सांगून ते थांबत नाहीत. अंतराबद्दल वाद झाला तर रस्त्यावर खरोखर सूत टाकून मोजतात. हे मी ऐकीव सांगत नाही. सुताचं टोक धरून भल्या पहाटे शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली बाई मीच आहे.

आता मी कोण, तेही सांगते. मी पालिकेच्या झोन कार्यालयात आवक-जावक सांभाळते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला चढवायचा आणि ज्या त्या टेबलाला पाठवायचा. पुढे त्याचं काय होतं ते त्या कागदाचं नशीब. अण्णा माझ्या घरापासून चौथ्या घरात राहतात, त्यामुळे मला त्यांचा जाच दोन्हीकडून आहे. गल्लीत शेजारीण म्हणून, ऑफिसात शिक्केवाली म्हणून.

पालिकेला काही बदल करायचा असला की पेपरात एक चौकट येते, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' ती कुणी वाचावी अशी पालिकेचीही अपेक्षा नसते. 'वधू पाहिजे'च्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली असते. अण्णा पेपर उघडतात तो त्याच पानावर. मागवल्यात म्हटल्यावर हरकत न देणं म्हणजे त्यांना वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं.

त्यांनी चौकाला नाव देण्यावर हरकत घेतली, कारण त्या ठिकाणी तीनच रस्ते मिळतात आणि तिघांना चौक म्हणणं ही जनतेची दिशाभूल आहे. कचरागाडीचं गाणं बदलायला हरकत घेतली. जुनं गाणं लागलं की बाया बादली घेऊन बाहेर येतात, नवं लागलं तर कुल्फीवाला आला म्हणून पोरं येतील, असं त्यांचं म्हणणं. गतिरोधक तीन वार पुढे सरकवला, त्याला हरकत. हरकतीची मुदत पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आणली, तर त्यालाही हरकत, आणि ती बरोबर सहाव्या दिवशी.

प्रत्येक अर्जाचा शेवट ठरलेला. 'सदर हरकत सार्वजनिक हिताची असून यात अर्जदाराचे वैयक्तिक काही नाही.' 'वैयक्तिक काही नाही'च्या खाली पट्टी धरून दोन रेघा.

अर्ज टेबलावर ठेवला की त्यांचा हात पिशवीत जायचा आणि दुसरी प्रत बाहेर यायची.

"पोच द्या, बाई."

"अण्णा, अहो शेजारी राहता. मी काय कागद खाऊन टाकणार आहे का?"

"तुमी न्हाय खाणार. पण कागदाला पाय असतेत की ओ. तो कुटंबी जाऊ दे. पोच आपल्याजवळ पायजे. पोच नसली तर आपण सांगितलं होतं ह्याला पुरावा काय?"

मी शिक्का मारून, नंबर घालून, सही करून द्यायची. मग ते प्रत खिडकीच्या उजेडात धरून शिक्का नीट उमटलाय का बघणार. एकदा तारखेतला एक आकडा पुसट आला होता, तर दुसऱ्या दिवशी पावणेदोन लड्या चालत परत आले. त्यांच्या घरी या सगळ्या पोचा एका जाड सुतात ओवून भिंतीच्या खिळ्याला लटकवलेल्या आहेत. पंखा लावला की त्या फडफडतात. घरात दुसरा आवाज फारसा नसतोच.

आमचे शिपाई चाँदभाई त्यांना लांबूनच ओळखायचे. जिन्यात काठीचा आवाज आला की दारातून आत डोकं घालायचे. "बाई, वो धागेवाले अन्ना आ रैं देखो." हे ऐकलं की आतल्या साहेबांना एकदम कुठलीतरी गटार पाहायला जायची आठवण व्हायची.

पण साहेब उगाच घाबरायचे नाहीत. शाळेच्या हद्दीचं प्रकरण सगळ्यांच्या लक्षात होतं.

झालं असं की पालिकेनं शाळांच्या हद्दी नव्यानं आखल्या. आमच्या बाजूच्या लहान मुलांना रेल्वे रुळापलीकडची शाळा दिली. शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम, आणि ऑफिसच्या नकाशावर अंतर निघालं नऊशे मीटर. नकाशावर घर आणि शाळा यांच्यामध्ये सरळ रेघ ओढलेली होती. त्या रेघेच्या मधोमध रूळ आहेत हे रेघ ओढणाऱ्याला दिसलं नसावं.

"पोरं काय उडत जाणार हायत काय शाळेला?" अण्णा म्हणाले. "रस्ता पुलावरनं फिरून जातो की. सूत टाकून बघू."

रविवारी पहाटे त्यांनी मला उठवलं. शाळेच्या फाटकाशी मला उभं केलं, हातात टोक दिलं आणि म्हणाले, "सोडायचं न्हाय. काय झालं तरी सोडायचं न्हाय." मग लडी भरलेला लाकडी फाळका हातात धरून, सूत सोडत सोडत, काठी बगलेत मारून ते पुलाच्या दिशेनं निघाले. मी एकटी, गाऊनवर ओढणी घेऊन, सुताचं टोक धरून उभी. दूधवाला दोनदा थांबून बघून गेला.

अर्ध्या वाटेत एका धनगराची मेंढरं सुतात शिरली. ती बाजूला काढता काढता तो म्हातारा अण्णांना म्हणाला, "काय ओ, कापड इनायलाव का काय डांबरावर?" सूत दोन ठिकाणी तुटलं. अण्णांनी उभ्या उभ्या, न बघता, चुटकी वाजवावी तेवढ्या वेळात गाठ मारली. कारखान्यातली गाठ ती, ओढली तरी बोटाला लागत नाही.

दोन लड्या भरल्या, म्हणजे दीड किलोमीटरच्याही वर. पुढच्या सुनावणीला अण्णांनी ते सगळं सूत गोळा करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मोजून घ्या." साहेबांनी सुताच्या ढिगाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि हद्द बदलली. गल्लीतल्या बायकांनी अण्णांना पेढे दिले. अण्णांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "माझं काय न्हाय ओ ह्यात. मला कुटं हायत पोरं शाळेला जाणारी?"

ते खरं होतं. अण्णा एकटे राहतात. बायको मी इथे राहायला यायच्या आधीच वारली. सुजाता म्हणून एक मुलगी आहे, पण तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते गल्लीतून कळलं. दहाएक वर्षांपूर्वी तिनं चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीतला नाही, घरची भाषा तेलुगू नाही, आणि मुख्य म्हणजे तिनं अण्णांना विचारलं नाही, लग्न करून आल्यावर सांगितलं. अण्णांनी दार लावून घेतलं. तीही बापाचीच लेक, पुन्हा ठोठावलं नाही. कुंभारीला कामगारांच्या घरकुलात राहते, एवढं लोकांना माहीत होतं.

आमच्या गल्लीतून एक सिटीबस जायची. कुंभारीहून यायची, मेन रोड सोडून आत वळायची, अण्णांच्या पिवळ्या फाटकावरून जाऊन पुन्हा मेन रोडला लागायची. ही बस आत आली तीच मुळी अण्णांच्या अर्जामुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी लिहून दिलं होतं की आतल्या वस्तीतल्या वृद्ध, महिला, रुग्ण आणि विद्यार्थ्यांची फार गैरसोय होते. बस आली. वृद्ध, महिला, रुग्ण आणि विद्यार्थी पूर्वीसारखेच मेन रोडपर्यंत चालत जात राहिले, कारण तिथे रिक्षा मिळते. बसला आमच्या गल्लीतून माणूस मिळेना.

अण्णा स्वतःही कधी त्या बसमध्ये बसले नाहीत. पण सकाळी सातला ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात यायचे. हातात वही. बस सात पस्तीसला यायची. अण्णा वहीत वेळ लिहायचे. सात सदतीस, दोन मिनिटं उशीर. सात चौतीस, एक मिनिट लवकर. बस वळून दिसेनाशी झाली की वही मिटून आत.

मी दूध घ्यायला बाहेर आलेली असायची. त्यांना चिडवायला मला फार आवडायचं.

"काय अण्णा, बसची वेळ लिहायला इस्त्री कशाला लागते?"

"सार्वजनिक काम हाय. गबाळं करून चालत न्हाय."

इस्त्रीचे शर्ट तीनच होते. एक पांढरा, एक निळ्या रेघांचा, एक राखाडी. तिन्ही धुऊन धुऊन एकमेकांसारखे झालेले.

एकदा मी सहज त्यांची परीक्षा घेत होते. विमानतळ किती लड्या, सिद्धेश्वर तलाव किती लड्या. ते पटापट सांगत होते. मी म्हटलं, "आणि कुंभारी?"

"दहा," ते म्हणाले. मग वही मिटत म्हणाले, "दहापातूर मोजलंय. म्होरचं मोजलं न्हाय."

दहा लड्या म्हणजे जवळपास आठ किलोमीटर. तिथे यांचं काय काम, असा विचार माझ्या मनात आला आणि दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले. तो विचार मी पुढे नेला नाही. शिक्के मारणाऱ्या माणसाला ती सवय लागते, कागद आला तसा पुढे पाठवायची.

या वर्षी पेपरात चौकट आली. प्रवाशांअभावी सदर बस आमच्या वस्तीत न वळवता थेट मेन रोडने नेण्याचे प्रस्तावित आहे. हरकती व सूचना सात दिवसांत.

अण्णा तिसऱ्या दिवशी आले. जिन्यात काठीचा आवाज हळू होता. चाँदभाईंनी नुसतंच दार उघडून धरलं. अर्ज नऊ पानांचा होता. वृद्धांवर एक पान, गरोदर बायांवर एक, पावसाळ्यावर एक, उन्हाळ्यावर दोन. सोलापूरचा उन्हाळा म्हटल्यावर दोन पानं लागणारच. खाली दोन रेघा मारलेलं 'वैयक्तिक काही नाही' होतंच. मी शिक्का मारला, एक्केचाळीस नंबर टाकला आणि दुसऱ्या प्रतीसाठी हात पुढे केला.

अण्णा उठून निघाले होते.

"अण्णा, पोच?"

त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी कुठल्या भाषेत बोलले ते त्यांना समजलं नसावं. मग "ऱ्हाऊ द्या" म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या टपालात एक पाकीट होतं. कुंभारीहून आलेलं. आत वहीचा एक कागद, सरळ, स्वच्छ अक्षर. मी टपाल वाचत नाही, नुसता विषय बघते. पण याला विषयच नव्हता, म्हणून वाचावं लागलं. खाली नाव होतं सुजाता. मी बेचाळीस नंबर टाकला. अण्णांच्या कागदाच्या पाठीला तिचा कागद लागला.

संध्याकाळी मी अण्णांच्या फाटकावरून गेले. ते आत एकटेच भात जेवत बसले होते, पंखा चालू होता आणि पोचा फडफडत होत्या. मी फाटकाच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. दुसऱ्याचा कागद तिसऱ्याला सांगायचा नाही, ही आमच्या टेबलाची रीत. ती पाळली तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही.

सुनावणीला नवे साहेब होते. माणूस सज्जन, पण पद्धतीचा फार. प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचून नोंदीवर घ्यायचा असा त्यांचा शिरस्ता. हरकती दोनच होत्या. अण्णा निळ्या रेघांचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते. मी बाजूला रजिस्टर घेऊन.

साहेबांनी नऊ पानं वाचली. त्यात पाऊण तास गेला. मग चष्मा काढून म्हणाले, "आजोबा, सगळं बरोबर आहे. पण मेन रोड तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे की ओ."

"पाव लडी हाय," अण्णा म्हणाले.

"मग? या वस्तीतून महिन्याला चार माणसंसुद्धा चढत नाहीत. तुम्ही स्वतः जाता का या बसनं?"

"न्हाय."

"कधी बसलाय?"

"न्हाय."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग यात तुमचं स्वतःचं काय नुकसान आहे, तेवढं सांगा. एक जरी माणूस खरंच अडत असेल तरी मी लिहून घेईन. तुमचा काय संबंध?"

अण्णांची हनुवटी हलली. मला वाटलं, आता बोलतात. त्यांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "वैयक्तिक काय न्हाय."

"बरं," म्हणून साहेबांनी पुढचा कागद घेतला. अर्जदार गैरहजर, अशी नोंद सांगितली आणि त्याच एका सुरात वाचायला लागले.

"महोदय, ही बस आत वळते तिथे पिवळ्या फाटकाचं घर आहे. ते माझ्या वडिलांचं आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. माझी मुलगी चौथीत आहे. ती रोज या बसने शाळेला जाते आणि फाटकात उभ्या असलेल्या आजोबांना बघते. घरी आली की आज त्यांनी कोणता शर्ट घातला होता ते मला सांगते. त्यावरून ते बरे आहेत हे मला कळतं. बस मेन रोडने गेली तर कळणार नाही. सार्वजनिक हिताचं कारण माझ्याकडे नाही. तरी विचार व्हावा."

वाचता वाचता साहेबांचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. त्यांनी कागद खाली ठेवला. कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना, म्हणून ते पंख्याकडे बघत बसले.

अण्णांनी मान वळवून मला विचारलं, "बाई, पोच दिली का तिला?"

मी नाही म्हणून मान हलवली. टपालानं आलेल्या अर्जाची पोच टपालानंच जाते, ती अजून गेली नव्हती.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले. "मी नेऊन देतो."

हे नियमात बसत नाही. मी शिक्का मारला, सही केली, पाकिटात घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी पाहिलं आणि पुन्हा पंख्याकडे बघितलं.

रविवारी दुपारी अण्णा फाटकात उभे होते. बस कुंभारीकडे परत निघालेली. त्यांनी हात केला. कंडक्टर तीन वर्षं त्यांना फाटकात बघत आलेला. तो दारातून वाकून म्हणाला, "काय ओ अण्णा, टाइम बरोबर हाय की आज!"

"चढायचंय," अण्णा म्हणाले.

कंडक्टरनं खाली उतरून त्यांना हात दिला. ज्या बससाठी त्यांनी पालिकेला एवढं लिहिलं, तिची पायरी किती उंच असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते खिडकीशी बसले, पाकीट मांडीवर धरून. मी ओट्यावरून हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मी संध्याकाळी त्यांच्यासाठी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले. जेवायचं निमित्त. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं. दार उघडं होतं, दिवा लावलेला नव्हता. पाकीट समोरच्या स्टुलावर होतं, बंदच्या बंद.

"कुलूप होतं का?" मी विचारलं.

"ठाव न्हाय." ते भाकरीकडे बघत म्हणाले. "दहा लड्यापातूर गेलो. तितं घरकुलाची कमान हाय. तिचं दार तितनं दिसतं. दोनशे वार असंल. दारात दोरीवर पोरीचा गणवेश वाळत घातला होता."

मग ते आपणहून बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी, नात पहिलीत गेल्याचं आणि कुंभारीच्या बसनं शाळेला येत असल्याचं कुणाकडून तरी कळल्यावर, ते दर रविवारी निघायचे. एका रविवारी एक लडी सूत टाकायचं, जिथे संपेल तिथे दगडाला चुन्याची खूण करायची, सूत गुंडाळून परत यायचं. पुढच्या रविवारी त्या खुणेपासून पुढची लडी. दहा रविवारांत ते कमानीपर्यंत पोचले. अकराव्या रविवारी गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी घरी बसून पालिकेला अर्ज लिहिला, की बस आतून न्यावी. तो त्यांचा पहिला अर्ज.

"आणि मग बाकीचे एवढे?" मी म्हटलं. "गतिरोधक, कचरागाडी?"

"एकट्या माणसानं एकच अर्ज केला की लोक म्हणतेत, ह्याचं काय हाय त्यात? लई केले की कुणी इचारत न्हाय." ते जरासे हसले. "मला वाटायचं, मीच बघतोय. पोरीला ठावंच न्हाय मी कोन."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"अण्णा, बस बंद थोडीच होणार आहे? मेन रोडला जाऊन उभे राहा की. पाव लडी तर आहे."

"तितं कशाला उभा हाय म्हणून लोक इचारतील. काय सांगू? आपल्या फाटकात उभं ऱ्हायला कारण लागत न्हाय."

ते पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं. "टपालानं पाठवा," म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पाठवलं.

निकाल आठ दिवसांनी आला. साहेबांनी त्यांच्याकडून करायचं ते केलं होतं, बेचाळीस नंबरच्या कागदावर लाल शाईनं 'सहानुभूतीने विचार व्हावा' असंही लिहिलं होतं. पण वरून शेरा आला, प्रवासी नाहीत. दोन्ही हरकती फेटाळल्या. सोमवारपासून बस सरळ.

सोमवारी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले. पिवळ्या फाटकात कुणी नव्हतं. वही फाटकाच्या खांबावर ठेवलेली, वाऱ्यानं पानं उलटत होती. मी दुधाची पिशवी तशीच हातात घेऊन मेन रोडकडे गेले, जवळजवळ पळतच.

अण्णा दुभाजकाच्या अलीकडे, अगदी रस्त्याच्या कडेला उभे होते. आधी मी ओळखलंच नाही. त्यांनी शर्ट घातला होता तो पोपटी रंगाचा. साधा पोपटी नाही, भर उन्हात डोळे दिपतील असा, वरातीत बँडवाले घालतात तसला. नवा कोरा, घड्यांच्या रेघा तशाच, कॉलरच्या आत दुकानाची चिठ्ठी राहिलेली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वळून बघत होता. चहाच्या गाड्यावरच्या एकानं विचारलंच, "काय ओ अण्णा, कुणाची वाट बघताय?"

"नात जाणार हाय बसनं," अण्णा म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला बघून त्यांनी शर्टाची कड खाली ओढली आणि थोडे ओशाळले.

"हितनं बस लई जोरात जाते की, बाई," ते म्हणाले. "लांबनं दिसाय पायजे."

मी त्यांच्या कॉलरमधली चिठ्ठी काढून टाकली. सात पस्तीस व्हायला अजून चार मिनिटं होती.